शेंगेन व्हिसा: फाइल वाचणाऱ्याला काय दिसतं

युरोपच्या व्हिसाबद्दल आपल्याकडे दोन समजुती पक्क्या आहेत. खात्यात भरपूर पैसे दिसले की व्हिसा मिळतो, ही एक. शेवटी सगळं त्या साहेबाच्या मर्जीवर असतं, ही दुसरी. पहिलीपायी लोक अर्जाच्या आदल्या आठवड्यात मेहुण्याकडून चार लाख खात्यात फिरवून घेतात. दुसरीपायी अख्खी फाइल एजंटच्या हवाली करून मोकळे होतात. दोन्हीत नुकसानच होतं.

शेंगेन व्हिसासाठी अमेरिकेसारखी काचेपलीकडच्या अधिकाऱ्यापुढची मुलाखत सहसा होत नाही. आपण कागद देतो ते एका सेवा कंपनीच्या काउंटरवर. तिथला कर्मचारी कागद मोजतो, बोटांचे ठसे घेतो आणि पाकीट पुढे पाठवतो. व्हिसा द्यायचा की नाही हे त्याच्या हातात नसतं. निर्णय घेणारा अधिकारी मुंबईतल्या वकिलातीत, दिल्लीतल्या दूतावासात किंवा काही देशांच्या बाबतीत थेट युरोपातल्या कचेरीत बसलेला असतो. त्याला तुम्ही दिसत नाही, फाइल दिसते. त्या फाइलमधले कागद एकमेकांच्या सुरात बोलतात का, हे तो पाहतो. कागदांच्या जाडीचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही.

आधी भूगोल मिटवून टाकू. शेंगेन हे लक्झेंबर्गमधलं मोझेल नदीकाठचं छोटंसं गाव. १४ जून १९८५ रोजी तिथे एका बोटीवर फ्रान्स, पश्चिम जर्मनी, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या पाच देशांनी आपसातल्या सीमेवरची तपासणी हळूहळू बंद करायच्या करारावर सह्या केल्या. आज त्यात २९ देश आहेत आणि त्या सगळ्यांना मिळून एकच व्हिसा चालतो. क्रोएशिया २०२३ मध्ये आला, रोमानिया आणि बल्गेरिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे आले. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनश्टाइन युरोपीय संघात नाहीत, पण शेंगेनमध्ये आहेत. आयर्लंड आणि सायप्रसचं उलट: संघात आहेत, शेंगेनमध्ये नाहीत.

आणि ब्रिटन यात कधीच नव्हता. आपल्याकडे ‘युरोप टूर’ म्हटलं की लंडन त्यात गृहीतच धरलेलं असतं, म्हणून हे ठासून सांगतो. लंडनसाठी वेगळा अर्ज, वेगळी फी, वेगळे ठसे. पासपोर्ट मात्र एकच, आणि तो बहुधा आधी एका वकिलातीत अडकून पडतो, मग दुसऱ्यात. त्यामुळे दोन्ही व्हिसे हवे असतील तर वेळेचा हिशोब दुपटीने धरावा लागतो. शिवाय आधी पॅरिस, मधे लंडन, मग ॲमस्टरडॅम असा मार्ग असेल तर तुम्ही शेंगेनमध्ये दोनदा शिरता. व्हिसावर प्रवेशाची संख्या एकच छापून आली असेल तर लंडनहून परत आत घेणार नाहीत. सोपा उपाय म्हणजे लंडन सहलीच्या सुरुवातीला किंवा शेवटी ठेवायचं. ते जमत नसेल तर अर्जात एकाहून अधिक प्रवेश मागायचे आणि ते का लागतात हे पत्रात लिहायचं.

अर्ज कुठल्या देशाकडे करायचा, यावर व्हॉट्सॲप ग्रुपांत जेवढी चर्चा होते तेवढा तो प्रश्न अवघड नाही. जिथे सगळ्यात जास्त रात्री राहणार, त्या देशाकडे. पॅरिस तीन, स्वित्झर्लंड चार, इटली तीन, तर अर्ज स्वित्झर्लंडकडे. सगळीकडे तीन-तीन रात्री असतील तर जिथे पहिल्यांदा शिरणार त्या देशाकडे. सहलीला एखादा ठळक हेतू असेल, म्हणजे मुलीचा पदवीदान समारंभ म्युनिकला आणि जोडीला थोडी भटकंती, तर त्या हेतूचा देश धरतात. रोमला जाताना फ्रँकफर्टला विमान बदललं तर इमिग्रेशन फ्रँकफर्टलाच होतं. पण त्यामुळे अर्ज जर्मनीकडे करायची गरज पडत नाही.

‘अमुक देश पटकन देतो’ म्हणून तिथे अर्ज करायचा आणि राहायचं दुसरीकडे, हा उद्योग मात्र करू नये. हॉटेलचं बुकिंग, विमानाचा मार्ग आणि दिवसवार कार्यक्रम हे तिन्ही शेजारी ठेवले की ते लगेच उघडं पडतं. आणि व्हिसा मिळाल्यावर बुकिंगं बदलली तर विमानतळावर प्रश्न येऊ शकतात.

वेळेचा नियम असा: प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी आणि कमीत कमी १५ दिवस आधी अर्ज करता येतो. अर्ज वकिलातीत दाखल झाल्यावर निर्णयाला साधारण १५ दिवस, गुंतागुंत असेल तर ४५ दिवसांपर्यंत. कागदावर हे आरामशीर वाटतं. प्रत्यक्षात मे महिन्यात शाळांना सुट्टी लागते आणि अर्ध्या महाराष्ट्राला त्याच वेळी आल्प्स बघायचे असतात; खरी टंचाई असते ती अपॉइंटमेंटची. मेच्या सहलीसाठी खिडकी नोव्हेंबरातच उघडते. मार्चमध्ये जागे होणाऱ्यांनाच मग अपॉइंटमेंट विकणारे दलाल भेटतात.

फी प्रौढांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, सहाच्या आतल्यांना काही नाही. जून २०२४ मध्ये ती वाढली. शिवाय सेवा कंपनीचा आकार वेगळा. व्हिसा नाकारला तरी यातला एक पैसा परत येत नाही.

आता फाइल. प्रत्येक देशाची कागदांची यादी असते आणि ती संकेतस्थळावरून उतरवून घेऊन त्याच क्रमाने कागद लावायचे, एवढं सगळेच सांगतात. मला वाटतं, यादी हातात घेण्याआधी तिच्यामागचे चार प्रश्न डोक्यात असावेत. तुम्ही कोण? कशासाठी चाललात? खर्च कोण करणार? आणि परत का याल? यादीतला प्रत्येक कागद यातल्या कुठल्या तरी प्रश्नाचं उत्तर असतो. चौथ्या प्रश्नाचं थेट उत्तर देणारा कागद मात्र यादीत सापडत नाही. ते उत्तर इतर कागदांतून उमटावं लागतं. नोकरी, रजेची परवानगी, चालू असलेला धंदा, शेती, घरी असलेली मुलं, शाळा, पेन्शन: माणूस इथे बांधलेला आहे हे दाखवणारं जे काही असेल ते.

पहिल्या प्रश्नाचा कागद म्हणजे पासपोर्ट. परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने तो वैध हवा, दहा वर्षांच्या आत काढलेला हवा आणि दोन पानं कोरी हवीत. जुने पासपोर्ट असतील तर तेही सोबत द्यायचे; आधी कुठे जाऊन वेळेत परत आलात, याचा तो पुरावा असतो. गावाकडच्या आईवडिलांच्या पासपोर्टवर कधीकधी ‘ईसीआर’ असा शेरा असतो आणि घरातले घाबरतात. तो शेरा मुख्यतः आखाती आणि काही आशियाई अशा १८ देशांत नोकरीसाठी जाणाऱ्या, दहावी न झालेल्या लोकांसाठी आहे. युरोपला लेकाकडे किंवा फिरायला जाण्याशी त्याचा संबंध नाही.

नावांचा घोळ हा मात्र खास आपला मराठी विषय आहे. आपलं नाव तीन मजली: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. पासपोर्टवर पहिले दोन एकत्र एका रकान्यात येतात. बँकेत फक्त पहिलं नाव आणि आडनाव, आधारवर तिन्ही, आणि साताबाऱ्यावर आजोबांच्या काळातलं टोपणनाव. बाईच्या बाबतीत याला अजून एक घडी पडते. पासपोर्ट माहेरच्या नावाचा, बँकेचं खातं सासरच्या नावाचं, आणि काही घरांत लग्नात पहिलं नावही बदललेलं. मराठी माणसाला यात काहीच वावगं दिसत नाही. परक्या अधिकाऱ्याला मात्र दोन वेगळ्या बायका दिसतात.

यासाठी पासपोर्ट बदलून घ्यायलाच हवा असं नाही. लग्नानंतर नाव बदलणं सक्तीचं नाही. विवाह नोंदणीचा दाखला लावा, नाव बदलल्याची राजपत्रातली नोंद असेल तर ती लावा, आणि पत्रात एका ओळीत सांगा की ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची. ‘पाटील’ एकीकडे आयने आणि दुसरीकडे दोन ईंनी लिहिलेलं असेल तर तेही सांगून टाका. विमानाचं तिकीट, विमा आणि हॉटेल या तिन्हींवर मात्र पासपोर्टवरचंच नाव, अक्षर न् अक्षर.

पैशाच्या प्रश्नात लोक शिल्लक बघतात, अधिकारी हालचाल बघतो. तीन किंवा सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट का मागतात? एका दिवसाची शिल्लक कुणीही उभी करू शकतो, सहा महिन्यांची सवय उभी करता येत नाही म्हणून. पगार दर महिन्याला येतोय, हप्ते जातायत, किराणा, वीजबिल, थोडी बचत, असं साधं खातं चांगलं वाचलं जातं. एरवी वीस हजारांवर कधी न गेलेल्या खात्यात अर्जाच्या आधी अचानक चार लाख आले की पहिला प्रश्न त्यावरच. रक्कम खरोखर तुमची असेल, म्हणजे मुदत ठेव मोडली किंवा जमीन विकली, तर त्याची पावती सोबत ठेवा. एफडीच्या पावत्या आधार म्हणून जोडा, पण तेवढ्यावर भागत नाही. खर्चायचे पैसे चालू खात्यात दिसायला हवेत.

नोकरदाराचं सोपं आहे: तीन महिन्यांच्या पगारपावत्या, आयकर विवरणपत्रं, आणि कंपनीचं पत्र. पत्रात हुद्दा, रुजू झाल्याची तारीख आणि रजा नेमक्या कुठल्या तारखांना मंजूर झाली हे हवं. ‘यांना परदेशी जायला आमची हरकत नाही’ एवढंच लिहिलेलं पत्र अर्धं काम करतं, कारण परत कामावर कधी येणार हे त्यात नसतं. दुकानदाराने गुमास्ता परवाना, जीएसटीची नोंदणी आणि धंद्याच्या खात्याचंही स्टेटमेंट लावायचं. पेन्शनरांनी पीपीओची, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाची प्रत आणि पेन्शन जमा होते ते खातं. विद्यार्थ्याने बोनाफाईड. मूल आईवडिलांपैकी एकाबरोबरच चाललं असेल तर दुसऱ्याचं लेखी संमतीपत्र आणि मुलाचा जन्मदाखला.

शेतकऱ्याची फाइल मात्र थोडी निगुतीने बांधावी लागते. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून अनेकांकडे विवरणपत्रच नसतं. परदेशी अधिकाऱ्याच्या यादीत तर आयकराचे कागद पहिल्या पानावर असतात. त्यामुळे चांगला सधन बागायतदार कागदावर बेरोजगार दिसायचा धोका असतो. सातबारा आणि आठ-अ डिजिटल स्वाक्षरीचे काढून घ्या, तहसीलदारांकडचा उत्पन्नाचा दाखला घ्या, कारखान्याची उसाची बिलं किंवा द्राक्ष-कांद्याच्या पट्ट्या जोडा, आणि ही रक्कम जिल्हा बँकेच्या ज्या खात्यात आली त्याचं शिक्क्यासह स्टेटमेंट लावा. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर हवं. साताबाऱ्याचं भाषांतर करताना ‘भोगवटादार’, ‘पोटखराबा’ यांच्या नादी फार लागू नका. कोणाच्या नावावर किती क्षेत्र आणि त्यात काय पिकतं, एवढं स्वच्छ आलं की झालं.

याच ठिकाणी पत्राची किंमत कळते. अर्जासोबत एक पानी पत्र देतात, ज्याला सगळे कव्हरिंग लेटर म्हणतात आणि इंटरनेटवरून उतरवून घेतात. तुमच्या प्रेक्षणीय स्थळांच्या प्रेमाबद्दलचे दोन परिच्छेद त्यात नकोत. समजा सांगलीकडचं एक जोडपं आहे. त्यांच्या पत्राचा गाभा एवढाच असावा: ‘आम्ही दोघे ४ ते १५ मे या काळात फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि इटलीला जात आहोत, सर्वाधिक रात्री स्वित्झर्लंडमध्ये. सगळा खर्च माझ्या खात्यातून आहे. या खात्यात ३ मार्चला आलेले २ लाख ४० हजार हे साखर कारखान्याचे उसाचे बिल आहे, पावती पान १४ वर. शेती उत्पन्न करमुक्त असल्याने विवरणपत्र नाही. जूनमध्ये पेरणी आणि मुलाचे कॉलेजचे प्रवेश असल्याने १६ मेला घरी असणे आवश्यक आहे.’ अधिकाऱ्याला जे प्रश्न पडणार ते त्याच्या आधी तुम्हीच काढले आणि उत्तराचं पानही दाखवलं. इंग्रजी साधं असलं तरी चालतं.

मुलगा किंवा मुलगी तिकडे असेल तर निमंत्रणाचा कागद देशागणिक बदलतो. जर्मनीत मुलाला तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन आईवडिलांच्या खर्चाची कायदेशीर हमी लिहून द्यावी लागते. त्याचा पगार बघून ते कार्यालय हमीपत्र देतं, आणि अस्सल कागद कुरियरने इकडे मागवावा लागतो. फ्रान्समध्ये नगरपालिकेकडून मान्य केलेलं निमंत्रणपत्र लागतं. साध्या ईमेलवर ‘आईबाबा माझ्याकडे राहतील’ लिहिलेलं पुरत नाही. खर्च मुलगा करणार असेल तर अर्जातही तसंच लिहा. अर्जात ‘स्वतः’ आणि हमीपत्रात ‘मुलगा’ असं झालं की तिसऱ्या प्रश्नाला दोन उत्तरं झाली. आणि मुलाने हमी दिली म्हणून आईवडिलांनी आपले पेन्शनचे, घराचे कागद वगळायचे नाहीत. हमीपत्राने तिसरा प्रश्न सुटतो, चौथा नाही.

गोव्यातल्या वाचकांसाठी एक वेगळी नोंद. नवरा किंवा बायको पोर्तुगीज पासपोर्टवर असेल आणि दुसऱ्याचा पासपोर्ट भारतीय असेल, तर पोर्तुगाल सोडून युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशात एकत्र जाताना भारतीय जोडीदाराला व्हिसा लागतो, पण तो कुटुंबीयांच्या सवलतीच्या नियमाखाली, फी न भरता. अर्ज भरताना नेहमीच्या पर्यटकाचा रकाना न निवडता तो पर्याय निवडायचा आणि लग्नाचा दाखला लावायचा.

विम्याची अट किमान ३०,००० युरोंच्या संरक्षणाची, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा, पूर्ण मुक्कामासाठी. आपल्याकडच्या कंपन्या असा विमा सर्रास देतात. लोक त्यातला सगळ्यात स्वस्त उचलतात, कारण व्हिसापुरता तो पुरतो. पण साठीच्या पुढचे, बीपी-शुगरवाले प्रवासी असतील तर आधीपासूनच्या आजारांबद्दल पॉलिसी काय म्हणते ते वाचून मग घ्या. वकिलातीला त्याच्याशी देणंघेणं नाही, तुम्हाला आहे.

तिकिटाच्या बाबतीत, परत न होणारं तिकीट व्हिसाआधी काढू नका. मार्ग आणि तारखा दाखवणारं आरक्षण पुरतं. मात्र ‘दोनशे रुपयांत डमी तिकीट’ देणाऱ्यांचे कागद अनेकदा बनावट असतात. पीएनआर टाकला की काहीच उघडत नाही. हॉटेलचं तसंच: फुकट रद्द होणारं बुकिंग चालतं, पण अर्ज दिल्याच्या दुसऱ्या दिवशी ते रद्द करून बसू नका. पडताळणी नंतरही होते. खोटा कागद सापडला तर तो नुसता नकार राहत नाही. अर्जाची नोंद सगळ्या शेंगेन देशांच्या सामायिक यंत्रणेत पाच वर्षांपर्यंत राहते. पोर्तुगालला काय झालं ते नॉर्वेला दिसतं.

काउंटरच्या दिवसाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, ताजा. ठसे बारा वर्षांवरच्या सगळ्यांचे, आणि एकदा दिले की ५९ महिने पुन्हा वापरता येतात. लग्नसराईत तळहातभर मेंदी काढून जाऊ नका. शेतात किंवा चुलीपाशी आयुष्य गेलेल्या म्हाताऱ्या माणसांची बोटं यंत्रावर पटकन उमटत नाहीत, दोन-तीनदा घ्यावी लागतात. त्यांना आधीच सांगून ठेवलं तर बिचारी कावरीबावरी होत नाहीत. एसएमएस, कुरियर, फोटोकॉपी, आरामकक्ष अशा ज्यादा सेवा तिथे सुचवल्या जातात. सगळ्या ऐच्छिक असतात आणि कुठलीही घेतल्याने निकालावर फरक पडत नाही.

पासपोर्ट परत आला की स्टिकर नीट वाचा, कारण सगळ्यात महागात पडणारी गफलत इथे होते. वरच्या जोडप्याचंच उदाहरण घेऊ. स्टिकरवर वैधता ४ मे ते ३० मे अशी छापून येईल. खाली ‘मुक्कामाचे दिवस’ या रकान्यात असेल १२. वैधतेत वरचे १५ दिवस दिले आहेत ते विमान रद्द झालं, सहल पुढे सरकली तर उपयोगी पडावेत म्हणून. राहायचे दिवस बाराच. ‘३० तारखेपर्यंत आहे की’ म्हणून पुढे पंधरा दिवस राहिलात तर तो बेकायदा मुक्काम. पोचल्याचा आणि निघाल्याचा, दोन्ही दिवस धरतात. नाव, पासपोर्ट क्रमांक आणि प्रवेशांची संख्याही तिथेच ताडून बघा. छपाईतली चूक घरी पोचल्या पोचल्या कळवली तर दुरुस्त होते. विमानतळावर कळली तर काही करता येत नाही.

लांब मुदतीच्या व्हिसावर ९०/१८० चा नियम लागतो, आणि नातवंडांसाठी जाणाऱ्या आज्या त्यात हमखास अडकतात. कुठल्याही दिवशी मागचे १८० दिवस मोजायचे. त्यात तुमचे शेंगेनमधले दिवस ९० च्या वर जाता कामा नयेत. सहा महिने म्हणजे जानेवारी ते जून असं ठरलेलं नसतं, मोजणी रोज एका दिवसाने पुढे सरकते. समजा आजी १ मार्च ते २९ मे राहिली. ३१ अधिक ३० अधिक २९, झाले ९०. आता परत कधी? १ मार्चचा दिवस मोजणीतून बाहेर पडतो २८ ऑगस्टला. त्या दिवसापासून जुना एक दिवस गळतो आणि नवा एक भरतो, त्यामुळे ती पुन्हा पूर्ण ९० दिवस राहू शकते. २० जुलैला बारसं ठेवलं असेल तर मात्र तिला व्हिडिओ कॉलवरच पाहावं लागेल. हा हिशोब करून देणारा गणक युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट आहे.

पूर्वी हे पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून मोजायचे आणि पुसट शिक्क्यांचा फायदा घेणारेही होते. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली. येण्या-जाण्याची तारीख आणि चेहऱ्याचा फोटो त्यात जातो. व्हिसावाल्यांचे ठसे आधीच दिलेले असतात. आता दिवस आपोआप मोजले जातात.

व्हिसा हातात असला तरी सीमेवरचा अधिकारी परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता, पैसे विचारू शकतो आणि समाधान झालं नाही तर परत पाठवू शकतो. हॉटेलची कागदपत्रं, विमा आणि मुलाचं हमीपत्र यांच्या प्रती हातातल्या बॅगेत ठेवा. बेल्टवरून येणाऱ्या सूटकेसमधले कागद इमिग्रेशनच्या रांगेत उपयोगाचे नाहीत.

नकार आला तर सोबत ठरावीक नमुन्याचा कागद येतो आणि त्यावर कारणाच्या चौकटीत खूण असते. आपल्याकडे सगळ्यात जास्त रडवणारी चौकट म्हणजे ‘मुदत संपण्याआधी परत जाण्याच्या तुमच्या इराद्याबद्दल वाजवी शंका आहे’. तरुण, अविवाहित, नोकरी बदलण्याच्या मधल्या काळातले लोक यात जास्त सापडतात. हे अन्यायाचं आहे, पण शंका त्याच वयावर जास्त घेतली जाते हे माहीत असलेलं बरं. तिथे बँकेतली शिल्लक वाढवून दुसऱ्या आठवड्यात तोच अर्ज परत टाकणं म्हणजे नव्वद युरो पाण्यात. चौकटीत परतीचा प्रश्न आहे, पैशाचा नाही. नवी नोकरी लागेपर्यंत थांबा, रुजू होण्याचं पत्र जोडा, किंवा सहल छोटी करा. अपिलाचा हक्क असतो, पद्धत आणि मुदत त्या कागदावरच लिहिलेली असते. जर्मनीने १ जुलै २०२५ पासून वकिलातीकडे फेरविचार मागायची सोय बंद केली, तिथे आता न्यायालय किंवा नवा अर्ज. बहुतेक पर्यटकांना दुरुस्त केलेला नवा अर्जच परवडतो.

एजंट लावावा का? ग्रुप टूरला तो आपोआप असतोच. वय झालेल्यांना, इंग्रजी अर्जाची भीती वाटणाऱ्यांना मदत घ्यायला हरकत नाही. पण भरलेला अर्ज सही करण्याआधी स्वतः किंवा घरातल्या कुणाकडून शब्द न् शब्द वाचून घ्या. सही तुमची, मजकुराची जबाबदारीही तुमचीच. ‘गॅरंटी’ देणाऱ्याला तिथेच नमस्कार करा; ती द्यायचा अधिकार भारतात कुठल्याच दुकानाकडे नाही. नकार लपवायचा सल्ला देणाऱ्यालाही. ब्रिटनच्या अर्जात तर कुठल्याही देशाने आधी व्हिसा नाकारला होता का, असं थेट विचारतात, आणि तिथे खोटं लिहिणं हे मूळ नकारापेक्षा फार वाईट.

पहिल्या वेळी बहुतेकांना सहलीपुरताच व्हिसा मिळतो. भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी एप्रिल २०२४ पासून एक पायरीची पद्धत ठरली आहे: मागच्या तीन वर्षांत दोन व्हिसे घेऊन ते नियमाने वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा, अनेक प्रवेशांचा मिळू शकतो, आणि त्यानंतर सहसा पाच वर्षांचा. पासपोर्टची तेवढी मुदत शिल्लक मात्र हवी. म्हणून दोन-तीन वर्षंच उरलेला पासपोर्ट असेल आणि पुढची पायरी जवळ आली असेल, तर अर्जाआधी तो नवा करून घेणं फायद्याचं पडतं. पाच वर्षांच्या व्हिसावरही आजीला ९० दिवस मोजावेच लागतात.